लोअर केलेल्या पोलोला कोणते रिम? 16×7 ईटी 38 पुरे, बाकी फोटोसाठी

गॅरेजकट्टा

चाकणला 2010 ते 2022 या काळात बनलेली फोक्सवॅगन पोलो आता सेकंड हँडमध्ये भरपूर मिळते. नवा मालक आधी स्प्रिंग बदलून गाडी 35-40 मिमी खाली घेतो आणि मग रिम शोधायला निघतो. दुकानदार 17×7.5 (इंचांत व्यास × रुंदी) दाखवतो, "पोलोला बसतं साहेब" म्हणतो. बसतं, पण फक्त गाडी उभी असेपर्यंत.

माझं मत स्पष्ट आहे: 16×7, ईटी 38, टायर 195/50 आर16 (रुंदी 195 मिमी, बाजूची उंची तिच्या 50 टक्के, 16 इंची रिमसाठी). का, ते आकड्यांत बघा.

मूळ रिम 15×6, ईटी 40. ईटी म्हणजे हबवर (गाडीचा जो भाग चाक धरतो तो) टेकणारी रिमची पाठ रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते. 6 इंचाची अर्धी रुंदी 76.2 मिमी. बाहेरची कड हबपासून 76.2 वजा 40, म्हणजे 36.2 वर. आतली कड 76.2 अधिक 40, म्हणजे 116.2 वर. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, कारण नवं काहीही याच्याशीच ताडायचं आहे.

16×7 ईटी 38: बाहेर 50.9, आत 126.9. मूळपेक्षा 15 मिमी बाहेर, 11 मिमी आत.
17×7.5 ईटी 35: बाहेर 60.2, आत 130.2. म्हणजे 24 बाहेर, 14 आत.

मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा, पीळ घेणारा आडवा दांडा. गाडी दबली की पुढचं चाक थोडं आत कलतं, मागचं मात्र सरळ वर जातं आणि फेंडरच्या दुमडलेल्या पत्र्याला भेटतं. मागे तीन माणसं, डिकीत बॅगा आणि एक खड्डा, एवढं पुरतं. मग फेंडर रोल करायचा, म्हणजे ती दुमडलेली कड आत दाबायची, रंगाला बारीक तडे जातात आणि पहिल्या पावसाळ्यात तिथून गंज धरतो. हे सगळं एका इंचासाठी?

सतराचा_पाढा

असहमत. तुम्ही रिमची कड मोजलीत, घासतो मात्र टायर. तोच मोजू.

मूळ 185/60 आर15 सहा इंची रिमवर पोटाला (बाजूच्या सगळ्यात फुगीर भागाला) साधारण 194 मिमी रुंद. निम्मे 97, वजा ईटी 40, म्हणजे टायरचं पोट हबपासून 57 मिमी बाहेर.

तुमचा 195/50 आर16: सहा इंची रिमवर 201, आणि दर अर्ध्या इंचाला 5 मिमी धरले तर सात इंचीवर 211. निम्मे 105.5 वजा 38, म्हणजे 67.5. मूळपेक्षा साडेदहा मिमी बाहेर.

आता 17×7 ईटी 40 वर 205/40 आर17. या टायरची रुंदी साडेसात इंचीवर 212, सात इंचीवर साधारण 207. निम्मे 103.5 वजा 40, म्हणजे 63.5. फक्त साडेसहा मिमी बाहेर. ज्या सतराला तुम्ही शिव्या देताय तो फेंडरपासून तुमच्या सोळापेक्षा 4 मिमी लांब आहे.

व्यास बघा: मूळ 603, तुमचा 601, माझा 596. उलट टायरचा माथाच अडीच-तीन मिमी खाली. साडेसात इंची, ईटी 35 हे दुकानदाराचं सतरा झालं. त्याला बदडून सगळ्या सतरांना बदनाम करू नका.

गॅरेजकट्टा

हिशेब बरोबर आहे, पोटाच्या बाबतीत मान्य. पण सात इंची रिमवर 195 चा टायर किंचित ताणलेला बसतो, म्हणून त्याचा खांदा (रस्त्याला टेकणाऱ्या भागाची कड) पोटापेक्षा आत राहतो. फेंडरच्या पत्र्याला वर जाताना आधी भेटतो तो खांदा. तुमच्या 205 चा खांदा चौकोनी. त्यामुळे ते 4 मिमी तिथेच खर्च होतात.

आणि साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूची उंची? माझा 97 मिमी, तुमचा 82. मूळ 111.

रबरवाला

साइडवॉल आलाच आहे तर दोघांनाही हवेची आठवण करून देतो. 205/40 आर17 बहुधा 84 एक्सएल (जादा भाराचा) मिळतो. 84 म्हणजे एका टायरवर 500 किलो, पण एक्सएलमध्ये ते 500 किलो 42 पीएसआयला मोजलेले असतात. साध्या 84 टायरला तेच 36 पीएसआयला. म्हणजे जुन्या सवयीने 32 भरली तर 17 चा टायर मूळ टायरपेक्षा कमी वजन पेलतो, आणि खड्ड्यात रिमची कड वाकते. लोक म्हणतात रिम कच्चं होतं. बरेचदा रिम ठीक असतं, हवा कमी असते. एक्सएलला किमान 36 ठेवा आणि थंड टायरवर मोजा.

दुसरं, दोघंही आतली बाजू विसरताय. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) लावलेल्या गाडीत स्प्रिंगची खालची बैठक टायरच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली येऊ शकते. स्टॉक स्ट्रटशी (स्प्रिंग धरणारा पुढचा शॉक) जमलेली आतली 11-13 मिमी तिथे जमेलच असं नाही. टायर आणि स्ट्रट यांच्यात 5 मिमी तरी दिसायला हवेत.

स्क्रब_बिब

चर्चा फेंडरभोवतीच फिरतेय. स्टीअरिंगचं काय?

टायरची मध्यरेषा किती सरकली हे रुंदीवर नाही, फक्त ईटीवर ठरतं. 40 चं 38 केलं तर 2 मिमी, 35 केलं तर 5 मिमी. दोन्ही चालून जातं. खरा गुन्हा 15 मिमीचे स्पेसर (हब आणि रिममधल्या चकत्या) लावून ईटी 25 वर नेणारे करतात. पोलोत स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला टायरच्या मध्याच्या थोडा बाहेर भेटतो. या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात, आणि बाहेर भेटला तर तो ऋण. ब्रेकच्या दोन लाइनी तिरक्या जोडलेल्या असतात: एक फुटली तर पुढचं एकच चाक ब्रेक धरतं, आणि ऋण स्क्रबमुळे गाडी एका बाजूला ओढली न जाता बऱ्यापैकी सरळ राहते. चाक 15 मिमी बाहेर काढलं की ही सोय कमी होते किंवा उलटीच होते. रोजच्या वापरात ते असं जाणवतं: ब्रेक मारताना डांबर आणि माती यांच्या सीमेवर स्टीअरिंग हातातून हिसकतं, टीएसआयमध्ये (टर्बो पेट्रोल) पहिल्या-दुसऱ्या गिअरला ओढ वाढते. बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळा.

गॅरेजकट्टा

स्पेसरबाबत शंभर टक्के. शिवाय बोल्ट. मूळ बोल्ट एम14×1.5, आट्यांची लांबी 27 मिमी. 15 चा स्पेसर तर 42 चा बोल्ट हवा. पुरेसे आटे धरले नाहीत तर आटा जातो. उलट गरजेपेक्षा लांब बोल्ट मागच्या ड्रममध्ये आत शिरून ब्रेकच्या सामानाला लागतो. चाक हाताने फिरवून बघितल्याशिवाय गाडी जॅकवरून उतरवू नका.

सतराचा_पाढा

बोल्टची बैठकही तपासा. फोक्सवॅगनचा मूळ बोल्ट गोल बैठकीचा, बाहेरच्या रिमची भोकं बहुधा शंकूच्या आकाराची. गोल बोल्ट शंकूत घातला तर टेकतो फक्त एका कडीवर. टॉर्क रेंच 120 न्यूटन मीटरला "टक्" म्हणतो, शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे सैल.

पीसीडी (बोल्टची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5×100, मधलं भोक 57.1. बाजारातल्या बऱ्याच रिमला ते 73.1 असतं, म्हणून 73.1 ते 57.1 ची हब रिंग लागते. नसेल तर 80-90 ला थरथर सुरू होते आणि लोक तीनदा बॅलन्सिंग करून घेतात.

पंधरा_बरा

एवढा खटाटोप कशाला? मूळ 15×6 ईटी 40 ठेवा, वर 195/55 आर15 चढवा. व्यास 595.5, म्हणजे 17 वाल्यांएवढाच. साइडवॉल 107. टायर मूळपेक्षा साडेतीन मिमी बाहेर. फेंडर, स्ट्रट, बोल्ट, हब रिंग, कशालाच हात लावायचा नाही. 40 मिमी खाली बसलेल्या गाडीत चाक आपोआप भरलेलं दिसतं.

आणि गतिरोधकाचा हिशेब कुणी केलाच नाही. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मापाचा गतिरोधक 3.7 मीटर लांब, 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येचा. पोलोचा व्हीलबेस 2.47 मीटर. गाडी मधोमध आली की चारही चाकं गतिरोधकावरच असतात आणि पोटाखाली फक्त 45 मिमी चढ उरतो. हा कुणालाही लागत नाही. लागतात ते सोसायटीवाल्यांनी रात्रीतून ओतलेले हातभर रुंदीचे. त्यांची उंची अख्खी पोटाखाली येते. तिथे 595 आणि 603 मधला फरक जमिनीपासून जेमतेम 4 मिमी, म्हणजे रिमचं माप नाही, स्प्रिंगच बघायला हवी.

सतराचा_पाढा

पंधरा ठेवायचा तर धागा कशाला वाचायचा, दादा.

रबरवाला

हसू नका, खिशाला आणि खड्ड्याला तोच बरा. पण अलाइनमेंटशिवाय हाही टायर खाणार. गाडी खाली आली की पुढचा टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) बदलतो. आतली कड झिजली की सगळे कॅम्बरला (समोरून बघता चाकाचा कल) दोष देतात, बहुतेकदा काम टोचं असतं. पोलोचा स्ट्रट नकलमध्ये (हब धरणारा भाग) चिमट्यात धरलेला असतो, दोन बोल्टांवर नाही, म्हणून कॅम्बर बोल्टचा उपाय इथे चालत नाही. वरची कॅम्बर प्लेट तरी घ्या, नाहीतर टो सरळ करून गप्प बसा.

स्क्रब_बिब

कायद्याचंही एका ओळीत: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 182अ, प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड. मूळ कंपनीच्या मापाबाहेर जे जाईल ते यात येऊ शकतं, मग रिम असो वा स्प्रिंग.

गॅरेजकट्टा

बरं. सोळा की सतरा हे ठरायच्या आधी दुकानदाराकडून एक रिम टायरसकट मागून घ्या आणि हे करा. मागच्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवा. चाक लावा, बोल्ट 120 ला आवळा. मागच्या सीटवर तीन जण बसवा, एक मागचं चाक जाड फळीवर चढवा म्हणजे बीमला पीळ बसेल. मग माती बघा: 5 मिमीपेक्षा पातळ चेपली गेली असेल तर ते माप बाद. पुढे दोन्ही टोकांपर्यंत स्टीअरिंग फिरवून स्ट्रट आणि प्लास्टिक लायनर बघा. लायनरला नुसता पुसट घासा चालतो, स्ट्रटला अजिबात नाही.

सतराचा_पाढा

मातीची परीक्षा मान्य. 17×7 ईटी 40 पास होईल, पैज.