१९७१ ची फियाट ११०० डी, पेंट कुठला मारू आणि रंग कोणता? (फोंडा)

फोंडेकर_सुशेगाद:
मंडळी नमस्कार. आजोबांनी घेतलेली १९७१ ची फियाट ११०० डी आहे आमच्याकडे, डिलाईट म्हणायचे ती, कुर्ल्याच्या प्रीमियरची, पद्मिनी हे नाव पडायच्या आधीची. नंबर अजून गोव्याचा तो जुना जीडीवालाच. नऊ वर्षं पडवीच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी होती, कोंबडीने मागच्या सीटवर दोनदा अंडी घातली, आता बाबांची पंचाहत्तरी येतेय म्हणून शेवटी हात घातला. इंजिन झालं, ब्रेक झाले, टिंकरिंग अर्ध्यावर आहे. फ्लोअर दोन्ही बाजूला गेलेलं ते कापून नवीन पत्रा टाकला, दरवाजांच्या खालच्या कडा बिस्किटासारख्या हातात आल्या.

आता पेंट. तीन गॅरेजवाल्यांना विचारलं आणि तिघांचं तीन. एक म्हणतो जुन्या गाडीला जुनाच डुको मारायचा. दुसरा म्हणतो पीयू (पॉलियुरेथेन) आणि वर क्लिअर (पारदर्शक थर), काचेसारखी चमकेल, पण पैसे तिप्पट. तिसरा म्हणतो कशाला खर्च करता, साधा इनॅमल मारून चवथीच्या आधी गाडी देतो. हा तिसरा मला जास्तच घाईत वाटला.

दुसरा घोळ रंगाचा. आत्ता गाडी मरून आहे पण तो बाबांनी १९८८ च्या आसपास मारून घेतलेला. त्याआधीचा बाबा म्हणतात पिस्ता, आई म्हणते राखाडी, आणि दोघंही शपथेवर सांगतात. फोटो आहेत पण ब्लॅक अँड व्हाईट. घरात रोज जेवताना हाच विषय. कोणी अनुभवी असेल तर सांगा, रंग ओळखायचा कसा आणि मारायचा काय?

डिचोलीचो_पेंटर:
पंचवीस वर्षं स्प्रे गन धरलीय, आता खांदा धरला म्हणून मुलगा बघतो. सांगतो ते नीट वाच.

डुको हे खरं तर ड्यूपाँ कंपनीच्या पेंटचं नाव, १९२० च्या दशकातलं, आपल्याकडे मात्र स्प्रेने मारलेलं काहीही डुकोच. तुझा पहिला गॅरेजवाला म्हणतो तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. मारायला सोपा, पटकन सुकतो, धूळ बसली तर घासून परत मारता येतो, घासून घासून पॉलिश केला की जुन्या गाड्यांची ती मऊ चमक येते, मला अजून तीच आवडते. पण गोव्यात तो मारणं म्हणजे हवामानाशी पैज. थिनर भराभर उडतो, पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग दूध सांडल्यासारखा पांढरा होतो. रिटार्डर (थिनर हळू उडावा म्हणून घालतात ते) घालून थोडं सांभाळता येतं पण जून ते सप्टेंबर विसरूनच जा. शिवाय पेट्रोल सांडलं की डाग, आणि उन्हात दोन-तीन वर्षांत निस्तेज.

इनॅमल गेटला मारा, गाडीला नको. आतून सुकायला वेळ घेतो, आणि पुढेमागे त्यावर पीयू मारायला गेलास तर खालचा थर सुरकुततो, सगळं उपसावं लागतं.

मी असतो तर टूके पीयू (रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून मारायचा) मारला असता, पण सिंगल स्टेज, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात, वर वेगळा क्लिअर नाही. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात हार्डनर मोजून घालायचा, आमच्याकडची पोरं अंदाजाने ओततात तसं नाही. आणि मारणाऱ्याला सांग तोंडाला रुमाल बांधून चालत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागतो, बाहेरून हवा पुरवणारा मास्कच पाहिजे. माझ्याबरोबरचा एक जण आज पंप तोंडाला लावून फिरतो.

साष्टीकार_७९:
काकांचं सगळं मान्य पण क्लिअरबद्दल माझं वेगळं मत आहे. माझी फोक्सवॅगन बीटल बेस-क्लिअरमध्ये (खाली रंग, वर क्लिअर) केली, सहा वर्षं झाली, घर समुद्रापासून दीड किलोमीटर, खारं वारं रोज, तरी अजून बघत राहावं अशी. वरवर ओरखडा आला तर क्लिअरमध्येच राहतो, रंगापर्यंत जात नाही. मेटॅलिक करायचं असेल तर तसंही वर क्लिअरच बरं.

डिचोलीचो_पेंटर:
बाब, बीटल तुझी, चमक तुझी. पण फियाटला मेटॅलिक कोण मारणार? त्या काळचा प्लेन रंग, त्यावर जाड क्लिअर चढवलं की गाडी गोळीच्या कागदात गुंडाळल्यासारखी दिसते, लांबूनच कळतं नवीन काम आहे. आणि आपल्या उन्हात क्लिअर कधीतरी सोलायला लागतंच, पहिलं छपरावर आणि बॉनेटवर. सिंगल स्टेज फिका पडला तर कंपाऊंड (घासून चमक आणायची पेस्ट) मारून परत वर काढता येतो. क्लिअर सोललं तर फक्त नवीन काम.

म्हापशेंकार:
तुम्ही वरच्या थराबद्दल भांडताय आणि खाली काय चाललंय ते कोणी विचारलंच नाही. माझी गोष्ट ऐका. अँबॅसेडर होती, दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये रंगवली कारण गॅरेजवाल्याने (नाव नको) सांगितलं शेड बंद आहे, काही होत नाही. दिवाळीपर्यंत दोन्ही फेंडरवर मुगाएवढे फोड. फोडून बघितलं तर आत चक्क पाणी. पुट्टी (खड्डे भरायचा लेप) उघडी ठेवून त्यावर पाणीपेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर) मारलेला, पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते स्पंजसारखी, ते वाळायच्या आत प्रायमर चढवला. वर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी कोणी कधी सोडलंच नव्हतं, तेही नळीतून गनमध्ये आणि गनमधून गाडीवर. अख्खं काम परत, माझ्या पैशाने.

म्हणून तुला एकच सांगतो, टिंकरिंग झालेला उघडा पत्रा एक रात्रसुद्धा तसा ठेवू नको. आपल्याकडे सकाळपर्यंत त्यावर केशरी पावडर येते. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (पत्र्यावरचा गंज रोखणारा पहिला थर), आणि पुट्टी त्या इपॉक्सीवर. काही लोक ॲसिडवाला एचिंग प्रायमर मारून थेट त्यावर पुट्टी ओढतात, ते अजिबात करू देऊ नको, पुट्टी धरत नाही. पुट्टी कोरडीच घासायची, पाणीपेपर फक्त वरच्या प्रायमरवर. आणि गॅरेज ठरवायला जाशील तेव्हा कॉम्प्रेसरची खालची चावी स्वतः सोडून बघ. तांबूस पाणी आलं तर नमस्कार करून बाहेर पड.

हो आणि काच, रबर, बीडिंग, बंपर सगळं उतरवून. कागद चिकटवून रंगवलेली गाडी वर्षभरात रबराच्या कडेने सोलायला लागते, आणि खरा गंज त्या रबराच्या खालीच लपलेला असतो.

कायदेपंडित_पणजी:
पेंटचं मला कळत नाही पण एक लक्षात ठेवा. आरसीवर रंगाची नोंद असते. वेगळा रंग मारणार असाल तर आधी आरटीओला कळवून नोंद बदलून घ्या, नाहीतर विकताना नाहीतर चेकिंगला डोकेदुखी. दुसरं, गाडी आता ५० वर्षांच्या वरची म्हणजे २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, व्हीएवाला नंबर नव्याने नोंदवलेल्या गाडीला, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण त्यानंतर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. बाबांना दर सोमवारी मंगेशीला जायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. आरसी बुकात रंगाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघितलं का?

फोंडेकर_सुशेगाद:
सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. आरसी बघितली. पुस्तक वाळवीने अर्धं खाल्लंय आणि नेमका तोच रकाना गेलाय!! हसू नका.

वाळपईची_मिनी:
रंग शोधायला आरसी कशाला, गाडीच सांगेल. कोणी कितीही वेळा रंगवली तरी काही जागांवर गन पोचत नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, डिकीच्या पुठ्ठ्याखाली, दरवाजाच्या आतल्या पॅनलच्या मागे, हँडलच्या रबरी वॉशरखाली. तिथे जुना थर मिळाला की थोडा कंपाऊंड लावून चोळा, वरची मळकट साय निघाली की आतला खरा रंग दिसतो. मग पेंटच्या दुकानात मशीनने स्कॅन करून घ्या, पण मशीनचं उत्तर शेवटचं समजू नका, ते जवळपास आणून सोडतं. कार्डावर स्प्रे करून मागा, आणि ते कार्ड गाडीला लावून एकदा दुपारच्या उन्हात, एकदा सावलीत बघा. ट्यूबलाईटखाली पसंत केलेला हिरवा उन्हात निळा निघतो, माझ्या बाबतीत झालंय.

आणि एक मजा करून बघा. छोटीशी जागा घेऊन ८०० च्या पाणीपेपरने गोल गोल घासत जा, कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं दिसतात, बाहेरून आत एकेक थर जुना. जपून, जुन्या रंगात शिसं असतं, ओलं घासा, कोरडी धूळ उडवू नका आणि पोरांना लांब ठेवा.

फोंडेकर_सुशेगाद:
अपडेट. काल रविवारी बाबा, आई, मी आणि शेजारचे दोघे (बोलावलं नव्हतं) असे पाच जण डिकीच्या झाकणाभोवती उभे. आतल्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा घासली. आधी मरून. त्याच्या खाली राखाडी, आई लगेच "बघ!" मी घासत राहिलो. त्याच्या खाली आला फिका हिरवा, पिस्ता म्हणा, थोडा दुधाळ. त्याच्या खाली विटकरी प्रायमर आणि मग पत्रा.

बाबा टाळ्या वाजवायचेच बाकी होते. मी आईला सांगितलं की तो राखाडी रंग नाही, प्रायमर आहे, ८८ साली मरून मारायच्या आधीचा, नखाने खरवडला तर खडूसारखा निघतो. आई दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली की बरोबर आहे, तेव्हा मेस्त्रीला द्यायला पैसे नव्हते म्हणून गाडी दोन पावसाळे तशीच राखाडी फिरत होती, तुझ्या मुंजीला आपण तीच घेऊन गेलो. बाबा म्हणाले दोन नाही, एकच पावसाळा. आता तो वाद सुरू आहे.

तर ठरलं. पिस्ता, टूके सिंगल स्टेज, इपॉक्सीवर. गॅरेज बदललं, नवीन ठिकाणी कॉम्प्रेसरची चावी सोडली तर नुसता फुस्स आवाज, पाणी नाही. मेस्त्री म्हणाला तुम्हाला कोणी शिकवलं हे. डॅशबोर्डपण लोखंडी आहे, तोही त्याच रंगात. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे जवळजवळ नवा असल्यासारखा पिस्ता मिळाला, तिथूनच स्कॅन केला.

डिचोलीचो_पेंटर:
शाब्बास. पाऊस सरल्यावरच मार, चवथीचा हट्ट नको. दसऱ्यानंतरची कोरडी दुपार बघ, अकरा ते तीन. पहिला महिना वॅक्स लावू नको, पेंटला श्वास घेऊ दे. प्लास्टिकचं कव्हर तर कधीच नको, आत घाम धरतो, सुती घाल. दरवाजाच्या खालची पाणी जायची भोकं पुट्टीने बुजवलेली असतात, तारेने मोकळी कर आणि सिलच्या (दरवाजाखालच्या पोकळ पट्टीच्या) आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मार, नाहीतर गंज आतून येतो आणि शिव्या पेंटरला.

साष्टीकार_७९:
आणि माडाखाली लावू नको. माझ्या बीटलचं छप्पर मी कशामुळे दोनदा रंगवलं ते वर लिहिलं नव्हतं.

वाळपईची_मिनी:
कार्ड उन्हात बघितलं ना?

फोंडेकर_सुशेगाद:
बघितलं. उन्हात पिस्ता. सावलीत आई अजून राखाडीच म्हणते.