४४ पन्ह्यात ४२ इंची रोमन ब्लाइंड बसेल का?

हिंडलगा_शिवण
नमस्कार. पुढच्या खोलीच्या खिडकीला घरीच रोमन ब्लाइंड (दोरी ओढली की आडव्या घड्या पडत वर जाणारा पडदा) शिवायचा आहे. सागाची चौकट, आतून-आत ४२½ इंच रुंद, ४८½ उंच. दारं बाहेर उघडतात, म्हणून चौकटीच्या आतच बसवणार. खडेबाजारात जाड सुती कापड बघितलंय, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच. अस्तराला मांजरपाट. पायमशीन आहे, सरळ शिलाई नीट येते. ४४ पन्हा पुरतो का? सळ्या किती आणि कुठे? आणि असे ब्लाइंड एका बाजूला तिरके उठतात ते कशामुळे?

पन्हा_आणि_माप
पुरणार नाही, ताई. चौकटीला घासू नये म्हणून तयार ब्लाइंड अर्धा इंच कमी धरायचा, म्हणजे ४२ × ४८. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच दुमड, म्हणजे कापायचं ४५. त्यात सुती कापड भिजलं की आटतं, आणि काठही कापून टाकावा लागतो. काठाची वीण घट्ट असते. तो ठेवला तर कडेला चुण्या पडतात. सरळ ५८ पन्हा बघा की. तेच कापड हवं असेल तर जोड मधोमध नको. पूर्ण पन्हा मध्ये ठेवून दोन्हीकडे सारख्या पट्ट्या लावा. मधला जोड मागून उजेड आला की काळी रेघ होऊन दिसतो, बाजूचे जोड मुद्दाम केल्यासारखे वाटतात.

कापड आणि मांजरपाट दोन्ही आधी रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा. कोऱ्या मांजरपाटात खळ असते. न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि पुढचं कापड फुगून राहतं.

कापायचं माप: पुढचं कापड ४५ × ५२ (खाली २, वर २). अस्तर ४२ × ५६; दोन्ही बाजू एकेक इंच दुमडल्या की ४० राहतं, आणि उंचीतले ४८ च्या वरचे ८ इंच असे: ६ सळ्या घालायच्या नळ्यांना आणि २ खालच्या दुमडीत जायला धरलेत. वरच्या कडेला अस्तर ४८ वरच संपतं.

सळ्या चार, गणित तळापासून: ५, १५, २५, ३५. खालचा भाग अर्धी घडी, मग दर १० इंचांना एक. वर १३ उरतात, त्यातले १० घडीत जातात आणि ३ रीपेखाली (ब्लाइंड ज्या लाकडी पट्टीला टांगतो तिच्याखाली) मोकळे. हे ३ सोडले नाहीत तर वरची घडी आखूड पडते आणि खालच्या घड्या तिच्याखालून डोकावतात.

नळ्या अस्तरालाच शिवायच्या, पुढच्या कापडाला नाही. तळाच्या रेषेपासून ५ इंचांवर खडूने रेघ, तिच्या वर दीड इंचावर दुसरी. दोन्ही जुळवून शिवलं की पाऊण इंची नळी. मग १० सोडून पुन्हा दीड. १६ नंबरची सुई, टाका जरा मोठा. नंतर अस्तर पुढच्या कापडावर अंथरून दर नळीपाशी चार-पाच ठिकाणी हाताने बारीक टाका घ्या, नाहीतर पुढचं कापड घडीत पोट काढतं. वरची कड सगळ्यात शेवटी, तळापासून ४८ मोजून दुमडा.

गुण्या
तिरकेपणा बहुतेक वेळा कापण्यातच आलेला असतो. दुकानातली कड सरळ धरू नका. एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेघेवर कापा. मग दोन्ही कर्ण मोजा. ४५ × ५२ ला ते ६८¾ इंच यायला हवेत. छापील कापडात छपाईच धाग्याला तिरकी असेल तर ते कापड घेऊच नये, काहीही केलं तरी डोळ्याला खुपतं.

लाकडी काठ्या वापरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या वाकतात, अस्तरावर डागही पडतात. ६ मिमी ॲल्युमिनियमची सळी, ३९ इंच, टोकं कानशीने घासून. नळीचं एक तोंड उघडं ठेवा, म्हणजे धुताना सळी काढता येते. तळाच्या दुमडीत १ इंची ॲल्युमिनियम पट्टी, ४१ लांब.

हिंडलगा_शिवण
वर ओढल्यावर खिडकी किती अडते? आणि मागची खोली चिऱ्याची (जांभा दगडाची) आहे, तिथे चौकटीबाहेर भिंतीवर लावला तर?

रीप_रंधा
साधारण ८ इंच अडतात, वरचे ३ आणि घडीचे ५. भिंतीवर लावायचा तर रीप तेवढी वर घ्या आणि रुंदी दोन्हीकडे २-२ इंच वाढवा. चिरा सच्छिद्र असतो, गट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची ती) फिरते. ड्रिलचा ठोका बंद ठेवून भोक पाडा, लांब गट्टी आणि ३ इंची स्क्रू घ्या, सांध्यात भोक नको.

रीप सागाची, १ × २ इंच, ४१¾ लांब. वेल्क्रोची मऊ बाजू कापडाला मशीनवर, खरखरीत बाजू रीपेला स्टेपल मारून. अस्तरावर दर नळीला चार कड्या, ब्लाइंडच्या कडेपासून ३, १५, २७, ३९ इंचांवर, एकूण १६. प्लॅस्टिकच्याच घ्या, लोखंडी गंजून डाग देतात. त्याच रेषेत रीपेखाली डोक्याला बंद कडी असलेले चार स्क्रू, आधी बारीक भोक पाडून, नाहीतर रीप चिरते.

दोऱ्या चार. प्रत्येकीची गाठ खालच्या सळीच्या कडीला, मग वर आणि ओढायच्या बाजूला आडवी. हाताशी यार्डभर लोंबती सोडली तर मिळून १० मीटरच्या वर जाते, १२ मीटर घ्या. ब्लाइंड पूर्ण खाली सोडून चारही सारख्या ताणा आणि मगच एकत्र गाठ मारा. कापड सरळ असूनही तिरका उठत असेल तर दोष इथेच असतो. दोरी गुंडाळायचा हूक जमिनीपासून ५ फुटांवर लावा, लहान मुलाच्या गळ्याला फास बसू शकतो.

गुण्या
एक राहिलं. जून ते सप्टेंबर ब्लाइंड दिवसभर घडी करून ठेवू नका, घडीच्या आत बुरशी धरते. दिवसातून थोडा वेळ तरी पूर्ण खाली सोडा.