व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीसाठी घरात बदल: आधी काय?

प्रश्न: मुलगी 7 वर्षांची आहे. प्रवेशदाराशी 15 सेंमीची पायरी, बाथरूमचं दार 65 सेंमी. सुरुवात कुठून करावी?

उत्तर 1: बाथरूमपासून. दार उघडल्यावर किमान 80 सेंमी मोकळी वाट हवी. चौकटीचं माप धरू नका, उघडा पल्ला त्यातली काही जागा खातो. दार सरकतं किंवा बाहेर उघडणारं करा. मूल आत दाराशी पडलं तर आत उघडणारा पल्ला ढकलता येत नाही.

उत्तर 2: रॅम्पचा उतार 1:12 ठेवा, म्हणजे 15 सेंमीसाठी 180 सेंमी लांबी. वर दारासमोर 150 × 150 सेंमी सपाट जागा सोडाच. ती नसेल तर कुलूप काढेपर्यंत खुर्ची उतारावरच धरून ठेवावी लागते. दोन्ही कडांना बुटका कठडा हवा, नाहीतर पुढचं चाक कडेवरून घसरतं.

उत्तर 3: बाथरूममधले आधाराचे दांडे पोकळ विटेत साध्या प्लॅस्टिक प्लगवर बसवले की भार येताच उपटतात. टाइल लावण्याआधीच मागे भक्कम आधार द्या, तोही खालून वरपर्यंत जाणाऱ्या पट्ट्यात. मुलगी वाढेल तसा दांडा वर सरकवता येईल. फोडाफोडीआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारे तज्ज्ञ) मापं घ्या, पुढच्या मोठ्या खुर्चीचीसुद्धा.