मदत हवी आहे: लंडनमध्ये आबांना फुटबॉलच्या चॅम्पियनशिपचा सामना कुठे दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कोल्हापूरचा, दीड वर्षापासून नोकरीसाठी लंडनमध्ये. मार्चमध्ये आई-आबा तीन आठवडे येताहेत. आबा सत्तरीचे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायरीवर टॉवेलची घडी टाकून बसणार. खेळणारा पोरगा कुणाचा, कुठल्या गल्लीतला, सगळं तोंडपाठ. "तिकडं आलात की मॅच दाखवतो," असा शब्द देऊन बसलोय.

इथल्या सगळ्यात वरच्या, प्रीमियर लीगच्या मोठ्या क्लबांचं बघून झालं. आधी मेंबरशिप, मग तिकिटासाठी वाट बघा, आणि तिघांचे पैसे ऐकले तर आबा दारातूनच परततील. म्हणून त्याखालची पायरी, चॅम्पियनशिप. चोवीस संघ, प्रत्येकाचे ४६ सामने, त्यामुळे तीन आठवड्यांत एखादा तरी सापडेलच. आणि मला मनापासून वाटतं, आबांना तिथंच जास्त करमेल. तिथं लोक आपल्या पेठेच्या संघाला बघायला येतात तसे येतात.

या २०२५-२६ च्या मोसमात तिथं लंडनमधले तीन क्लब आहेत: मिलवॉल, क्वीन्स पार्क रेंजर्स आणि २०२५ मध्ये प्लेऑफ, म्हणजे बढतीसाठीचे शेवटचे सामने, जिंकून खालच्या लीगमधून वर आलेला चार्लटन. मी आजवर एकच सामना पाहिलाय, एका जुन्या मैदानावर. खेळाडू एकमेकांना हाका मारत होते, त्या वर माझ्या सीटपर्यंत ऐकू येत होत्या. पण वर पोचायला जिने फार, आणि बसल्यावर गुडघे पुढच्या सीटला. आबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, त्याचीच काळजी.

तर तिघांत कुठे नेऊ? मिलवॉलबद्दल लोक घाबरवतात, आईला घेऊन जाणं ठीक आहे का? आणि एका वेबसाइटवर दुप्पट भावाने तिकिटं दिसताहेत, घेऊन टाकू का?

प्रतिसाद

ती तिकिटं अजिबात घेऊ नका. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय परत विकणं गुन्हा आहे. क्लबच्या स्वतःच्या साइटवरच घ्या. ज्येष्ठांना सवलत असते, आबांचं तिकीट त्यातच काढा. तिकीट ऑफिसला फोन करून गुडघ्याचं सांगा, कमी पायऱ्यांची जागा विचारून घ्या. जिन्याजवळची कडेची सीट मागा, पाय पसरता येतो.

मिलवॉलच्या समर्थकांची दंगेखोर म्हणून ख्याती जुनी आहे, पण फॅमिली स्टँडमध्ये आईंना घेऊन खुशाल जा. मैदानाजवळचं साउथ बर्मंडसी स्टेशन लंडन ब्रिजपासून एकच थांबा. क्वीन्स पार्क रेंजर्सचं मैदान, लॉफ्टस रोड, तिघांत सगळ्यात दाटीवाटीचं, गुडघ्याला नको. कुठेही गेलात तरी यजमानांच्या बाजूला बसून पाहुण्या संघाच्या रंगाचा मफलर घालू नका.

माझं मत चार्लटनला. लंडन ब्रिजहून थेट गाडी, उतरलं की थोडं चालून त्यांचं मैदान, द व्हॅली. आबांना आधी तिथली गोष्ट सांगा. १९८५ मध्ये क्लबला हे मैदान सोडावं लागलं. परत यायला परवानगी मिळेना, तेव्हा १९९० मध्ये समर्थकांनी चक्क पक्ष काढला, ग्रिनिच कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, निवडणूक लढवली आणि जवळपास १५ हजार मतं मिळवली. ५ डिसेंबर १९९२ ला क्लब घरी परतला. तालमीसाठी जीव टाकणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावावं लागणार नाही.

एकच लक्षात ठेवा: टीव्हीसाठी सामन्याचा दिवस आणि वेळ बदलते. बाकीची फिरायची बुकिंगं सामना पक्का झाल्यावरच करा. मार्चच्या शेवटी आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे लीगला सुट्टी असते, तो आठवडा वगळा.

धागाकर्ता

फार आभार! व्हॅलीची गोष्ट आत्ताच फोनवर आबांना सांगितली. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, "मतं मागायला दारोदार गेले असतील का रे?" शनिवारी दुपारी तीनचा सामना बघतोय. आता कुणी सांगेल का, टॉवेलची घडी सीटवर टाकायला आत नेऊ देतात का? ते तिच्याशिवाय बसत नाहीत.