पावसातला रामेनचा वाडगा – तुमचेही अनुभव लिहा

खिडकीपाशी

आज लेक शाळेतून चिंब भिजून आला आणि बुटांसकट थेट स्वयंपाकघरात. मी कणीक मळत होते. तशाच हातांनी दोरीवरचा टॉवेल ओढला, त्याच्या डोक्यावर टाकला आणि म्हणाले, "आधी डोकं पूस, मग खायला." म्हणाले आणि तिथेच थांबले. हेच मला एका बाईंनी सांगितलं होतं, जपानीत, आणि तेव्हा त्यातला एक शब्दही मला कळला नव्हता.

२०१३चा जून. ऑफिसने वर्षभरासाठी तोक्योला पाठवलेलं, जाऊन नऊ दिवस झालेले. तिकडे जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्याच्या पुढेमागे पावसाचे दिवस, त्सुयु म्हणतात. एरवी आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर नुसती चिकट रिपरिप. त्या दिवशी मात्र कोसळला. ओत्सुका स्टेशनच्या बाहेर, जुनी ट्राम जाते ना, तिथे छत्री उलटी झाली ती झालीच. फोन बंद पडलेला. रस्ता चुकलेला. रुळांच्या कडेला अजिसाईची निळी फुलं भिजत होती. फुलं सुंदर होती आणि मला रडू येत होतं.

गल्लीत एक दुकान दिसलं. दारावर विटलेला कापडी पडदा, आत जेमतेम आठ स्टुलं, काचा वाफेने पांढऱ्या. दाराशी तिकिटाचं मशीन, सगळ्या बटणांवर कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं. वरचं डावीकडचं पहिलं बटण दाबलं. आत आजोबा पातेल्यापाशी, आजी फळीच्या आतल्या बाजूला. मी तिकीट पुढे केलं तर आजींनी ते घेतलंच नाही! बाहेर आल्या, माझी बॅग घेऊन कोरड्या फडक्याने पुसली, हातात पांढरा टॉवेल दिला, स्वतःच्या केसांना हात लावून दाखवला आणि काहीतरी म्हणाल्या. मी केस नीट पुसेपर्यंत समोर उभ्या. मग तिकीट घेतलं.

मग वाडगा आला, रामेनचा, म्हणजे सूपमधल्या नूडल्सचा. शोयुचं (सोया सॉसचं) तपकिरी पातळ सूप, वर तेलाचे बारके डोळे, अर्धं अंडं, कांद्याची पात, बांबूचे तुकडे, गुलाबी चक्र असलेली माशाची चकती, मांसाचा एक पातळ काप. तोवर मी डुकराचं मांस कधी खाल्लं नव्हतं. त्या दिवशी तो विचार मनात आलाच नाही. पहिला घोट पोटात गेला आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा खांदे सैल झाले.

काही महिन्यांनी जपानी शिकवणाऱ्या बाईंना तो आवाज जसा आठवत होता तसा म्हणून दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, "आतामा फुइते." डोकं पूस.

तुम्हाला असा कुठला वाडगा आठवतो का? जपानातला, पावसातला, रामेनचा नसला तरी चालेल. लिहा ना.

हाकाता_एक्सप्रेस

कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

फुकुओका, चार वर्षं. आमच्याकडे तोनकोत्सु. डुकराची हाडं तासन्‌तास खळाखळा उकळतात, सूप दुधासारखं पांढरं होतं. वास गल्लीच्या तोंडापर्यंत. पहिल्यांदा नाक दाबून पुढे गेले होते, सहा महिन्यांनी तोच वास आला की पावलं आपोआप वळायची.

नूडल्स अगदी बारीक, पटकन मऊ पडतात, म्हणून वाडग्यात मुळात थोड्याच देतात. संपल्या की 'कायेदामा' म्हणायचं, शंभर-दीडशे येनमध्ये दुसरा घाणा येतो. त्यासाठी सूप राखून ठेवायचं हे मला शेजारच्या स्टुलावरच्या काकांनी खुणेनेच शिकवलं, मी वाडगा तोंडाला लावत होते तर हाताने थांब थांब! ही पद्धत फुकुओकातल्याच नागाहामाच्या मासळीबाजारातली, तिथल्या माणसांना उभं राहायलाही वेळ नसायचा.

तिसरी शिट्टी. येते.

कोरडी_चप्पल

खिडकी, डोळ्यांत पाणी आणलंस सकाळी सकाळी.

मला एक विचारायचंय, आम्ही पक्के शाकाहारी. नवरा ऑक्टोबरात कामाला जातोय तोक्योला. त्याने काय खायचं? भाज्यांचा रामेन मागितला तर चालेल ना?

रांकाळा

भुरके!! कुणीच कसं बोललं नाही भुरक्यांबद्दल?

आमचे आजोबा पांढरा रस्सा वाटीने भुरकायचे, आजी आतून ओरडायची, पाव्हणं बसल्यात, आवाज कमी करा. योकोहामात पहिल्यांदा रामेनच्या दुकानात शिरलो, बाहेर पाऊस धो धो, आत सात माणसं, कुणी कुणाशी बोलत नाही आणि सगळीकडून नुसता भुर्रर्र भुर्रर्र. मला आजोबांच्या पंगतीत बसल्यासारखं झालं. तिकडे नूडल्स आवाज करत ओढणं रीतीचंच. कढत नूडल्स त्याने जिभेला सोसतात आणि वासही नाकात चढतो. आजोबा असते तर म्हणाले असते, बघ, शहाणी माणसं आहेत.

आणि हो, वरच्या ताईंचं ते पांढरं सूप वाचून मला पांढरा रस्साच दिसला. हाडांचा अर्क तोच, आपल्यात खसखस, काजू, नारळाचं दूध.

हाकाता_एक्सप्रेस

रांकाळा, अगदी! मी तर घरी तसंच सांगते, मिरी आणि खसखस काढलेला पांढरा रस्सा. सासूबाईंना लगेच कळलं.

कोयना_ते_कांदा

@कोरडी_चप्पल, नाही चालणार. भाज्या वर असतात, खाली सूप डुकराचं, कोंबडीचं नाहीतर सुक्या माशाचं. 'निकु नाशि' म्हणजे मांस नको म्हटलं की ते वरचा काप काढून ठेवतात, मनापासून मदत करतात, पण सूप तेच राहतं. मी पहिलं वर्ष असंच फसले.

तोक्यो स्टेशनच्या आतच टीज तानतान नावाचं रामेनचं दुकान आहे, संपूर्ण वनस्पतिजन्य. तिळाचं दाटसर सूप, वर सोयाचा खिमा. मी एकदा बाहेर वादळी पाऊस, गाड्या उशिराने, सुटकेस मांडीशी, अशी तिथे बसले होते आणि तो तीळ जिभेवर आला तेव्हा आईच्या संक्रांतीच्या तिळाच्या कुटाचा वास आला. तिकिटाच्या गेटच्या आतल्या बाजूला आहे एवढं लक्षात ठेवायला सांगा, नाहीतर बाहेर शोधत बसतील.

कोरडी_चप्पल

देवासारख्या भेटलात. लिहून घेतलं. सोबत मेतकूट देतेच आहे.

सिंहगडरोड

पुण्यात जपानी शिकलो, तिसरी पातळी पास झालो आणि ओकायामाला गेलो. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या ज्या कोराकुएन बागेवरून केलंय ते प्रत्यक्ष बघायचं होतं. लहानपणी दर रविवारी आई त्या बागेत न्यायची.

ओकायामाला म्हणतात 'हारे नो कुनि', लख्ख उन्हाचा मुलुख. मी गेलो आणि तीन दिवस पाऊस! पण बाग रिकामी मिळाली, सगळं हिरवंगार, तळ्यावर थेंबांची जाळी. दोन तास भिजत फिरलो. मग स्टेशनकडे येताना सहा खुर्च्यांचं दुकान. मालकाने विचारलं, नूडल्स कशा हव्यात. वर्गात शिकलेलं वाक्य पहिल्यांदा खऱ्या माणसाला म्हटलं, "कातामे दे." जरा कडकच. तो "हाय", म्हणजे हो, म्हणाला आणि वळला, बस. मला कळलं, पोचलं! त्याला माझं बोलणं कळलं! परीक्षेच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता. मग त्याला सांगितलं की तुमच्या बागेची धाकटी बहीण आमच्या गावात आहे. त्याने गॅस बारीक केला आणि फोनवर फोटो बघत बसला. मागचं गिऱ्हाईक पण वाकून बघत होतं.

उशिरा_आलेली

लिहू की नको करत होते. लिहिते.

२०२०चा जून. तोक्योतच होते. बाबा गेले, नागपूरला. नेहमीची विमानं बंद. भावाने फोनवरून अंत्यदर्शन घडवलं, ते पण मधेच अडकत होतं. दुसऱ्या दिवशी घरात बसवेना म्हणून पावसात नुसती चालत राहिले. कोपऱ्यावरच्या नेहमीच्या दुकानात शिरले. खुर्च्यांच्या मधे प्लास्टिकचे पडदे लावलेले. मिसो रामेन (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा) घेतला आणि मास्क काढल्यावर जे रडू फुटलं ते थांबेचना. तिथे प्रत्येकासमोर टिश्यूचा खोका असतो, गरम सूपने नाक वाहतं म्हणून. माझ्यासमोरचा संपला. मालकाने काही विचारलं नाही. पडद्याखालून नवा खोका सरकवला. थोड्या वेळाने एक जास्तीचं अंडं वाडग्यात सोडलं आणि पाठ फिरवून भांडी घासायला लागला, हळूहळू, एकच भांडं कितीतरी वेळ.

सुतकात खाल्लं म्हणून नंतर फार लागलं मनाला. आईला सांगितलं वर्षाने. ती म्हणाली, त्यानेच पाठवलं असेल तुला तिथे, उपाशी राहिलीस तर त्याला आवडायचं नाही.

खिडकीपाशी

अगं... काय लिहू. जवळ असतीस तर नुसती शेजारी बसले असते.

रांकाळा

ताई, नमस्कार तुमच्या आईंना.

कोयना_ते_कांदा

"एकच भांडं कितीतरी वेळ." वाचून हातातलं काम राहिलं.

उत्तरेकडची

इथे साप्पोरोत त्सुयु नसतोच म्हणतात, तरी जूनमध्ये गार भुरभुर येते आणि हाडं गारठतात. आमच्याकडे मिसो रामेन, वर मका आणि लोण्याचा चौकोन. काही दुकानांत सूपवर चरबीचा थर असतो, झाकणासारखा, वाफ दिसत नाही. वाफ नाही म्हणजे निवलंय समजून घोट घेऊ नका कुणी! माझ्या लेकीची जीभ पोळली होती, दुकानातल्या दादाने धावत बर्फ आणून दिला आणि तिला जाताना पेपरमिंट. ती अजून त्याला बर्फदादा म्हणते.

मुलुंडची_पोर

जपानला गेले नाहीये अजून, पण वाचायला इतकं भारी वाटतंय. मला घरी करायचाय. आपल्या बाजारातल्या नूडल्स तशा चिवट लागत नाहीत, का?

कोयना_ते_कांदा

रामेनच्या कणकेत कानसुई असतं, खारं पाणी म्हण. आपल्या पापडखाराच्या जातीचं. त्यानेच अंडं न घालता पिवळटपणा येतो आणि नूडल्स ताणल्या की लवचीक लागतात. उडदाच्या पापडाचं पीठ खारामुळे कसं ताणलं जातं, आठव. घरी सोपं म्हणजे बारीक स्पगेटी उकळताना पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाक. फसफसून वर येईल, मोठं पातेलं घे.

मुलुंडची_पोर

थांबा थांबा, म्हणजे माझ्या आजीकडे बरणीत जो पापडखार आहे तो चालेल का कणकेत?

सिंहगडरोड

आजीला विचारूनच घे, आमच्याकडे त्या बरणीला हात लावला की महायुद्ध. हाहा.

हाकाता_एक्सप्रेस

परत आले, वरण झालं. खिडकी, तू त्या आजींकडे पुन्हा गेलीस का कधी?

खिडकीपाशी

वर्षभर जात होते गं, बहुतेक शुक्रवारी. मी दारात दिसले की आजोबा अंडं कापायला घ्यायचे. परत यायच्या आठवड्यात इथून आईने पाठवलेली सोलापुरी चादर त्यांना दिली. आजींनी ती खांद्याभोवती लपेटली आणि दुकान बंद होईपर्यंत काढली नाही. निघताना "गोचिसोसामा", म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हटलं तर त्या पडद्याबाहेर आल्या, आभाळाकडे बघितलं आणि माझी छत्री स्वतः उघडून माझ्या हातात दिली. पाऊस पडत नव्हता अजून.

२०१९ला कामाने चार दिवस गेले तेव्हा तिथे केस कापायचं दुकान होतं. शेजारच्या फळवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या दोघं मुलीकडे राहायला गेली, सेंदाईला. चादरीचं विचारायचं राहिलं.

मुलुंडची_पोर

नक्की नेली असेल. सेंदाईला थंडी जास्त असते ना?

उत्तरेकडची

हो, तोक्योपेक्षा बरीच. बर्फ पडतो तिथे.

मुलुंडची_पोर

मग नेलीच.

आजीने पापडखार दिला, अर्धा चमचाच. उद्या रविवार, पाऊस आहेच. पाणी किती घेऊ एक वाटी मैद्याला?