सल्ला हवा: इंग्लंडहून व्हिक्टोरियात आलेल्या पूर्वजांचं मूळ गाव कसं शोधायचं?

आसावरी_मेलबर्न:
नमस्कार मंडळी. माझं सासर इथलं, ऑस्ट्रेलियन. सासऱ्यांचे पणजोबा 1850 च्या दशकात सोन्याच्या ओढीने इंग्लंडहून व्हिक्टोरियात आले आणि 1889 साली बेंडिगोला वारले, एवढंच घरात ठाऊक आहे. कुणी त्यांना कॉर्नवॉलचे म्हणतं, कुणी डेव्हनचे (दोन्ही इंग्लंडमधले परगणे). सासरे ऐंशीचे झालेत, त्यांना ते गाव एकदा डोळ्यांनी पाहायचंय. नाव-आडनाव इतकं सर्रास आहे की इंग्लंडच्या नोंदींत त्या नावाची माणसं ढिगाने सापडतात. एका साइटवर कुणीतरी तयार वंशवृक्ष टाकलाय, त्यात गावाचं नाव आहे. तो खरा धरावा का?

बखरवाला:
ताई, तो वंशवृक्ष सध्या बाजूला ठेवा. त्याखाली मूळ कागदाचा दाखला नसेल तर त्यावरून विमानाची तिकिटं काढू नका. आणि इंग्लंडच्या नोंदींत आत्ता शिरूच नका. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय वही उघडण्याआधी मूळ गाव विचारतात ना, तसंच हे आहे. गाव हाती नसताना नुसत्या नावावर शोधलं की भलत्याच घरात जाऊन पोचतो आपण.

तुमचं नशीब असं की ते व्हिक्टोरियात वारले. इथले 1853 पासूनचे मृत्यूचे दाखले फार तपशीलवार असतात. आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचा धंदा, जन्म कुठला, वसाहतीत किती वर्षं राहिले, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, मुलं कोण, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. व्हिक्टोरियाच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयाच्या साइटवर पैसे भरले की जुन्या दाखल्याची प्रत उतरवून घेता येते. पहिला खर्च तोच करा. शोधताना बेंडिगोबरोबर ‘सँडहर्स्ट’ही घालून बघा, कारण 1891 पर्यंत शहराचं अधिकृत नाव ते होतं.

दाखल्यावर माहिती कुणी दिली तेही बघा. बायकोने दिली असेल तर भरवसा जास्त. इथे जन्मलेल्या मुलाला आजीचं माहेर ठाऊक असेलच असं नाही.

मीनल_ॲडलेड:
जहाजाच्या याद्यांबद्दल थोडं. सरकारी मदतीने आलेल्यांच्या यादीत मूळ परगणा, धर्मपंथ, लिहिता-वाचता येतं का, असं बरंच मिळतं. स्वतःच्या पैशाने आलेल्यांच्या यादीत मात्र नाव, वय, जहाज यापलीकडे फारसं काही नसतं. दोन्ही सूच्या व्हिक्टोरियाच्या सरकारी अभिलेखागारात फुकट बघता येतात. तिथे सापडले नाहीत तर आमच्या साउथ ऑस्ट्रेलियात शोधा. तिथल्या ‘बरा’ (Burra) या गावच्या तांब्याच्या खाणीत आलेले कितीतरी कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलचे, खाणकामगार सोन्याची बातमी येताच 1851-52 मध्ये व्हिक्टोरियाकडे गेले.

ट्रोव्ह विसरू नका. राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं तिथे फुकट ठेवली आहेत, बेंडिगो ॲडव्हर्टायझरसुद्धा. मृत्यूच्या बातमीत ‘अमुक गावचा’ असं कधीकधी छापलेलं असतं. मृत्युपत्र केलं असेल तर तेही पाहा. 1925 पर्यंतची अभिलेखागाराने ऑनलाइन टाकली आहेत, आणि मागे राहिलेल्या भावाबहिणींची नावं त्यांत निघू शकतात.

आसावरी_मेलबर्न:
सर्वांचे मनापासून आभार! मृत्यूचा दाखला मिळाला. वय 58. आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं आडनावही आहे. वडील खाणकामगार. जन्म फक्त ‘कॉर्नवॉल’. लग्न रेडरुथला, बाविसाव्या वर्षी. वसाहतीत 35 वर्षं. माहिती बायकोने दिलीय. सासरे तो कागद हातातून सोडायला तयार नाहीत. आता रेडरुथ हेच गाव धरायचं का?

बखरवाला:
व्वा! बायकोने दिलेली माहिती म्हणजे पायाच मिळाला. पण रेडरुथवर थांबू नका. रेडरुथ हे शहर आहे, तसा त्याच नावाचा नोंदणी विभागही होता, आणि कॅम्बोर्न, इलोगन, ग्वेनॅप हे शेजारचे पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर) त्यातच यायचे.

जन्म साधारण 1831 चा, म्हणजे सरकारी जन्मनोंद मिळणार नाही. ती 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. लग्न मात्र 1853 च्या आसपासचं. फ्रीबीएमडी या इंग्लंडच्या जन्म-लग्न-मृत्यू नोंदींच्या फुकट साइटवर त्याची सूची शोधा आणि दाखला मागवा, त्यावर दोघांच्याही वडिलांचं नाव आणि धंदा असतो. मग 1851 ची जनगणना. तेव्हा ते एकोणीस-वीस वर्षांचे, बहुधा आईबापांजवळच. त्या जनगणनेत प्रत्येकाचा जन्म कोणत्या पॅरिशमध्ये झाला ते लिहिलेलं आहे. तुमचं गाव तिथेच सापडेल. 1841 ची त्यासमोर ताडून पाहा, फक्त त्यात पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात, त्यामुळे आईवडिलांची वयं जुळली नाहीत तर घाबरू नका.

बाप्तिस्मा सर्वांत शेवटी. कॉर्नवॉलच्या ‘ऑनलाइन पॅरिश क्लार्क’ म्हणवणाऱ्या स्वयंसेवकांनी पॅरिशच्या नोंदी उतरवून फुकट ठेवल्या आहेत. पॅरिशच्या चर्चमध्ये नाव नसेल तर मेथडिस्टांच्या वह्या बघा, खाणकामगारांत तो पंथ खूप होता. आणि गेलातच तर रेडरुथमधल्या क्रेसेन केर्नो या अभिलेखागारासाठी एक दिवस राखून ठेवा. कोणते कागद बघायचेत ते निघण्याआधी त्यांना कळवा.