मदत हवी आहे : लेक माझ्याकडे येतच नाही

नमस्कार मंडळी. मुलगी आठ महिन्यांची. बाळंतपण सासरवाडीला, तासगावात झालं. मायलेकी अजून तिथंच. मी साताऱ्यात, एमआयडीसीत शिफ्टला. सुट्टीला जाऊन घ्यायला हात पुढं केले की भोकाड! आजोबांच्या मिशा मात्र खुशाल ओढते. या वयात अनोळखी माणसांची भीती वाटतेच, असं डॉक्टर म्हणाले. पण बाप अनोळखी? व्हिडिओ कॉलवर तर खिदळते.

पुढच्या महिन्यात दोघी घरी येतायत. वरचं खाणं सुरू झालंय, तेव्हा नाचणीचं सत्त्व मीच भरवावं म्हणतो. मालिश आमच्या आई करू देणार नाहीत, ‘पुरुषाचा हात जड’ म्हणे. अंघोळ, झोपवणं यातलं आधी काय हातात घेऊ? तेव्हा बायको समोर असावी की नसावी? रात्रपाळीवाले बाबा हे कसं जमवतात?